छत्रीचा रोजनामा

कोकणातील आमच्या मूळ घराच्या पडवीवर दूरचित्रवाणीची जी छत्री बसविलेली आहे, तिने लागोपाठ दोन पावसाळे घरातील माणसांस जो त्रास दिला, त्याचे सारे खापर आम्ही निःशंक मनाने पावसावर फोडले होते. कारण सर आली की चित्र अडकू लागते, पडद्यावर चौकोनांचे तुकडे विखुरतात, आवाज मध्येच तुटतो आणि पाठोपाठ सिग्नल नसल्याची पाटी येते, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत होते, आणि डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टीला वेगळा पुरावा मागण्याची गरज कोणास वाटत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र संध्याकाळच्या बातम्या कधी न चुकविणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने एक साधी गोष्ट केली. भिंतीवरील दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, पाऊस किती वाजता आला, चित्र केव्हा गेले, पाऊस केव्हा थांबला आणि चित्र केव्हा परतले, एवढे ती रोज टिपून ठेवू लागली. श्रावण सरता सरता मी गावी गेलो तेव्हा ताईने ते पान माझ्यापुढे ठेवले. पाऊस दुपारी चारला थांबला, चित्र रात्री नऊला आले. पाऊस सकाळी उघडला, चित्र ऊन पडल्यावर दुपारी आले. अशा नोंदी एकाखाली एक होत्या, आणि त्या वाचताच पावसावरील आमचा आरोप टिकणारा नव्हे हे उघड झाले. आकाशातील पावसाने अडविलेला सिग्नल सर ओसरताच काही मिनिटांत परततो. तो पाच पाच तास अडून राहत नाही. पाच तास लागतात ते कोठे तरी शिरलेले पाणी वाळण्यास. वळचणीखाली, जेथे केबल भिंतीतून आत वळते तेथे, जुनी तार संपून नवी जोडलेली होती. दोहोंची टोके एकमेकींभोवती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पट्टी सोडली तेव्हा आतील तांबे हिरवे पडलेले आढळले.

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की घरातील दूरचित्रवाणीचे चित्र बिघडले असता दोष कोठे आहे हे शोधण्याआधी तो केव्हा प्रकट होतो याची नोंद ठेवावी, कारण या यंत्रणेत दोषाचे स्थान बहुधा त्याच्या वेळेवरूनच कळते. आणि ज्या घाईने आपण गच्चीवर जाऊन छत्रीला हात घालतो, ती घाई किरकोळ बिघाडाचे रूपांतर मोठ्या बिघाडात करते.

ही घाई आपल्या अंगी कोठून आली हे समजण्यासारखे आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुणेकरांना चित्र दिसू लागले, आणि घरोघरच्या कौलांवर व गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचे ते सांगाडे उभे राहिले, ज्यांची रचना हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास सिद्ध केली होती. त्या काळचे प्रक्षेपण असे होते की चित्राला जो आजार होई तो चित्रातच दिसे. सिग्नल क्षीण असेल तर पडद्यावर मुंग्या येत. समोरच्या टेकडीवरून वा इमारतीवरून तोच सिग्नल परावर्तित होऊन किंचित उशिरा पोहोचला तर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली उभी राही. आणि बिघाड पायरीपायरीने वाढत असल्यामुळे उपायही पायरीपायरीने करता येई. एकाने गच्चीवर अँटेना फिरवावी, दुसऱ्याने जिन्यात उभे राहून निरोप पोहोचवावा आणि तिसऱ्याने पडद्यासमोरून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडावे, ही पद्धत त्या यंत्रणेला सर्वस्वी योग्य होती. आजच्या अंकीय प्रक्षेपणाला ती मुळीच लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजून घेण्यासाठी सिग्नलचा प्रवास आरंभापासून पाहावा लागेल.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. प्रसारभारतीची जी विनाशुल्क छत्रीसेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि आज डी. डी. फ्री डिश या नावाने खेड्यापाड्यांत परिचित आहे, तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असा स्थापिलेला आहे की पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तो आपणांस आकाशात निश्चल भासतो. पुण्यातील गच्चीवर उभे राहिले तर तो जवळजवळ आग्नेयेस, क्षितिजापासून ५९ अंशांच्या सुमारास वर असतो. मुंबईत अंशभर खाली, नागपुरात अंशभर वर आणि दक्षिणेकडे थोडा सरकलेला. तेथून निघालेली लहर ३६,६०० किलोमीटरांचे अंतर सेकंदाच्या अष्टमांशात तोडून आपल्या छत्रीपाशी येते तेव्हा ती इतकी क्षीण झालेली असते की छत्रीची वाटी तिला गोळा करून एका बिंदूवर आणते, त्या बिंदूवर दांडीच्या टोकाला बसविलेली एल. एन. बी. नावाची डबी तिचे बल वाढवून तिची कंप्रता खाली उतरविते, आणि मग कोठे ती केबलीतून घरातील सेट-टॉप बॉक्सपर्यंत जाण्यास योग्य होते. ही डबी चालण्यास वीज लागते, आणि ती वीज बॉक्समधूनच, त्याच केबलीतून, उलट दिशेने वर जाते. म्हणजे एकच तार खालून वर वीज नेते आणि वरून खाली चित्र आणते. ही गोष्ट पुढील साऱ्या तपासात ध्यानी ठेवावयाची आहे.

आता अंकीय सिग्नलच्या स्वभावाकडे वळू. चित्र आणि आवाज यांचे आकड्यांत रूपांतर करून ते १८८ बाइटांच्या पुडक्यांत बांधलेले असतात, आणि उपग्रह-प्रक्षेपणाच्या मूळ पद्धतीत प्रत्येक पुडक्याबरोबर आणखी १६ बाइट अशा गणिती युक्तीने जोडलेले असतात की वाटेत कोठल्याही आठ बाइटांपर्यंत चुका झाल्या तरी बॉक्स त्या नेमक्या हुडकून दुरुस्त करतो. ही युक्ती अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. आज प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतींत तिच्या जागी अधिक समर्थ युक्त्या आल्या आहेत, पण तत्त्व तेच आहे. तिचा परिणाम मात्र विलक्षण आहे. सिग्नल निम्मा झाला, छत्री थोडी हलली, तारेचे टोक गंजू लागले, तरी जोवर चुका दुरुस्तीच्या मर्यादेत आहेत तोवर पडद्यावरील चित्र रेसभरही बिघडत नाही, ते पहिल्या दिवसाइतकेच स्वच्छ दिसते. आणि ती मर्यादा ओलांडली की अल्पशा अंतरात चित्र अडकते, फुटते आणि नाहीसे होते. मुंग्यांची पूर्वसूचना येथे नाही. आपल्या छत्रीची प्रकृती महिनोन् महिने खालावत असते आणि पडदा तिचा पत्ता लागू देत नाही.

तो पत्ता लागतो बॉक्सच्या आतील एका पानावर, आणि बहुतेक घरांत ते पान कोणी उघडलेले नसते. रिमोटवरील मेनूमध्ये सेटिंग, इन्स्टॉलेशन वा सिग्नल अशा काही नावाखाली दोन पट्ट्या दाखविणारे एक दृश्य असते. एक स्ट्रेंग्थची, दुसरी क्वालिटीची. यांतील पहिली फारशी विश्वासार्ह नाही. केबलीतून एकंदर किती शक्ती आत येत आहे एवढेच ती सांगते, आणि छत्री भलत्याच दिशेला वळलेली असतानाही एल. एन. बी. चा स्वतःचा खरखराट वाढून खाली येतच असल्यामुळे ही पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. दुसरी पट्टी आकड्यांच्या शुद्धतेविषयी सांगते, आणि खरी ग्वाही तिचीच. निरनिराळ्या बनावटीच्या बॉक्समध्ये हे आकडे निरनिराळ्या मापाने दाखवितात, सबब शेजाऱ्याच्या ७० शी आपल्या ६० ची तुलना करण्यात अर्थ नाही. परंतु आपल्याच बॉक्सवरील निरभ्र दिवसाचा आकडा कागदावर लिहून ठेवला, तर पुढे तोच आकडा महिन्यामागून महिना उतरत असल्याचे पाहून, चित्र जाण्यापूर्वीच, आपल्याला दुरुस्तीची तजवीज करता येते.

आता वेळेचा हिशेब.

मुसळधार सर कोसळत असतानाच चित्र जात असेल आणि सर ओसरताच परतत असेल, तर तो अपराध पावसाचाच. छत्रीवर येणाऱ्या लहरींची कंप्रता ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते, आणि काही मिलिमीटर व्यासाचे टपोरे थेंब इतक्या आखूड लहरींना शोषूनही घेतात आणि इतस्ततः उधळूनही देतात. ताशी ५० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडत असेल तर त्यातून एक किलोमीटर जाताना सिग्नलचा जवळजवळ निम्मा भाग नष्ट होतो, आणि मोसमी पावसाचा थर चार-पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतो. केबलचालकाच्या गच्चीवर ज्या प्रचंड छत्र्या दिसतात त्या बहुधा ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, साडेसात सेंटीमीटर लांबीच्या लहरी घेतात; त्यांना थेंबांची एवढी बाधा होत नाही, आणि म्हणूनच आषाढातल्या पावसात छत्रीचे चित्र गेले तरी शेजारच्या केबलीचे चालू राहते. या बाधेवर समूळ उपाय नाही. मात्र जिची दिशा अचूक आणि जोडण्या कोरड्या आहेत त्या छत्रीचे चित्र वर्षातून मोजक्या वेळी, तेही अगदी धो धो सरीत जाईल. आणि रिमझिम पावसात, किंवा नुसत्या काळ्या ढगांनीही ज्या घरचे चित्र जाते, तेथे पाऊस हे केवळ निमित्त असून दोष आधीपासून घरातच नांदत आहे असे खुशाल समजावे. ६० सेंटीमीटरच्या जागी ९० सेंटीमीटरची छत्री लावली तर गोळा होणारा सिग्नल सव्वादोनपट होतो. घाटमाथ्यावर, जेथे पावसाला सुमार नसतो, तेथे हा खर्च मला योग्य वाटतो.

पाऊस थांबल्यावरही तासन् तास चित्र येत नसेल तर पाणी जोडणीत शिरले आहे, हे ताईच्या नोंदींनी आम्हांस शिकविले. या केबलीची घडण समजून घेतली की पिळलेला सांधा इतका घातक का हे कळते. मध्यभागी एक तार, तिच्याभोवती पांढऱ्या फेसाळ प्लॅस्टिकचा थर, त्यावर धातूचा पापुद्रा व जाळी, आणि सर्वांत बाहेर काळे आवरण, ही सर्व वर्तुळे एकमध्य असली तरच लहर तिच्यातून सुरळीत वाहते. पिळून जोडलेल्या ठिकाणी हे प्रमाण मोडते, लहरीचा काही अंश माघारी वळतो, आणि जाळीच्या धाग्यांतून पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे हातभर आत ओढले जाते. सांधा टाळता येत नसेल तर दोन्ही टोकांना स्क्रूचे कनेक्टर बसवून तो छपराखाली, कोरड्या जागी घ्यावा. नपेक्षा अखंड तार आणावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि भिंतीच्या भोकातून आत येत नाही. खारा वारा असलेल्या किनारपट्टीवर एल. एन. बी. च्या तोंडाशी असलेला कनेक्टर दरवर्षी पावसाळ्याआधी उघडून पाहणे इष्ट. ही सर्व कामे करताना बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद असले पाहिजे, कारण वर जाणारी वीज माणसास अपाय करण्याइतकी नसली तरी मधली तार जाळीला टेकल्यास बॉक्सचा तो भाग निकामी होऊ शकतो.

सर्वच वाहिन्या न जाता ठरावीक काही जात असतील, बाकीच्या ठणठणीत असतील, तर तपासाची दिशा पुष्कळ सोपी होते. तरी याच बिघाडावर माणसे सर्वाधिक पैसा वाया घालवितात असे मी पाहिले आहे. एकाच कंप्रतेवर दुप्पट कार्यक्रम पाठविता यावेत म्हणून उपग्रह काही लहरी उभ्या आणि काही आडव्या ध्रुवणाच्या सोडतो, आणि त्यांपैकी कोणत्या हव्यात हे बॉक्स एल. एन. बी. ला विजेच्या दाबावरून कळवितो: १३ व्होल्ट दिले तर उभ्या, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. आता तारेचे टोक गंजलेले असेल, किंवा केबल फार लांब व हलक्या प्रतीची असेल, तर खालून निघालेले १८ व्होल्ट वर पोहोचेतो कमी भरतात, डबीला तो हुकूम १३ चाच वाटतो, आणि आडव्या लहरींवरील वाहिन्या एकदम नाहीशा होतात. घरमालक समजतो की त्या वाहिन्या बंद झाल्या, किंवा रिचार्ज संपला. कोणी नवा बॉक्स आणतो. वास्तविक दहा-वीस रुपयांचा कनेक्टर बदलल्याने काम भागते. याच कारणास्तव दोन खोल्यांतील दोन बॉक्सना एकाच एल. एन. बी. वरून जुन्या केबल टीव्हीचा फाटा लावून जोडणे चुकीचे आहे. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, आणि दोघांचेही समाधान होत नाही. दोन तोंडांची एल. एन. बी. घेऊन दोन स्वतंत्र तारा आणणे हाच खरा बंदोबस्त.

वारा सुटला की चित्र अडखळते, वारा पडला की सुरळीत होते, अशी नोंद आढळली तर दोनच कारणे संभवतात: छत्रीचा खांब ढिला असेल, नाहीतर एखादी फांदी वाटेत डोलत असेल. खांबाची परीक्षा ओळंब्याने करावी, कारण खांब तिरका असेल तर छत्रीवरील कोनांच्या खुणा खोट्या ठरतात. झाडाचा हिशेब असा, की ५९ अंशांच्या चढावर पाहणाऱ्या छत्रीपासून आग्नेयेस दहा फुटांवर असलेले झाड छत्रीच्या पातळीपासून सोळा-सतरा फूट वर गेले म्हणजे आडवे येऊ लागते. छत्री बसविली तेव्हा बोटाएवढे असलेले शेवग्याचे रोप तीन पावसाळ्यांत ही उंची सहज गाठते. येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. आजच्या छत्रीची वाटी पाहणाराला जेथे तोंड करून उभी दिसते त्याहून ती वीस-पंचवीस अंश वर पाहत असते, कारण डबीची सावली वाटीवर पडू नये म्हणून तिची घडणच एका अंगाला कललेली ठेवलेली आहे. त्यामुळे छत्रीसमोर सरळ दिसणाऱ्या भिंतीला घाबरण्याचे कारण नसते, आणि डोक्यावर झुकलेल्या ज्या फांदीकडे कोणाचे लक्ष जात नाही तीच बहुधा खरी अपराधी असते.

यांपैकी काहीच जुळत नसेल, चित्र एके दिवशी गेले ते आलेच नाही, आणि जोडण्या सर्व ठीक असतील, तरच छत्री हलल्याचा संशय घ्यावा. कोकणात हा संशय माकडांवर जातो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. डबीच्या तोंडावर कुंभारणीने मातीचे घर केलेले असते, तेही पाहून घ्यावे. छत्री फिरवावयाची वेळ आलीच तर आधी पत्र्यावर व खांबावर मूळ स्थितीच्या रेघा ओढाव्यात, आणि मग हाताला आवर घालावा, कारण ६० सेंटीमीटरच्या वाटीची एक कड दुसरीच्या मानाने एक सेंटीमीटर सरकली की दिशा एका अंशाने बदलते, आणि या छत्रीची दृष्टी अवघी तीन अंशांची आहे. दीड अंश चुकला की सिग्नल निम्मा. अँटेना फिरविण्याची जुनी सवय येथे सर्वस्वी सोडावी. केसभर हलवावे, पाच सेकंद थांबावे, क्वालिटीचा आकडा खाली कोणास वाचावयास सांगावा, मग पुन्हा केसभर. ओल्या कौलावर किंवा शेवाळलेल्या गच्चीवर हे काम कदापि करू नये. चित्र दोन दिवसांनी आले तरी चालते.

या साऱ्या नोंदींत एक नोंद अशी आहे की जिचे मला दरवर्षी नव्याने कौतुक वाटते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आकाश स्वच्छ असताना, सकाळी अकराच्या आसपास चित्र काही मिनिटे बिघडते किंवा निदान क्वालिटीची पट्टी खाली उतरते, आणि आपोआप पूर्ववत होते. यात कोणाचाच दोष नसतो. त्या दिवसांत, त्या घटकेस, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो, आणि त्याच्या प्रचंड खरखराटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. परंतु हाच योग आपल्या उपयोगाचाही आहे. डोळ्यांना कधीही न दिसणारा तो उपग्रह आकाशात कोठे आहे हे त्या काही मिनिटांपुरते सूर्य स्वतः दाखवीत असतो. सूर्याकडे न पाहता छत्रीकडे पाहावे: तिची दिशा अचूक असेल तर वाटीवरून परावर्तित झालेल्या उन्हाचा उजळ ठिपका नेमका डबीच्या तोंडावर पडलेला दिसतो, आणि वाटीवर फांदीची वा भिंतीची सावली पडत असेल तर तीच वस्तू उपग्रहाच्या आड येत आहे याविषयी शंका उरत नाही. होकायंत्र नको, कोनमापक नको, कारागिराची वाट पाहणेही नको.

ताईने दिनदर्शिकेच्या ऑक्टोबरच्या पानावर पहिल्या तारखेच्या चौकटीत 'छत्री, ११' अशी खूण करून ठेवली आहे. गेल्या वर्षी त्या वेळी शेजारच्या माडाच्या झावळीची सावली वाटीच्या वरच्या कडेला जेमतेम टेकली होती. यंदा ती किती खाली उतरते हे पाहून झावळी उतरवावयाची की छत्रीच पडवीच्या दुसऱ्या टोकाला न्यावयाची, ते आम्ही ठरविणार आहोत.